गाडीतलं बिऱ्हाड आणि कुत्री: फिरवणं, धुणं, वाळवणं

चाकावरचं_घर

महिनोन्‌महिने गाडीतच राहणाऱ्यांची संख्या आता वाढली आहे आणि बऱ्याच जणांसोबत कुत्री आहेत. जेवणखाण, लसी यांवर आधी बोलून झालंय. या धाग्यात फक्त व्यायाम आणि आंघोळ. मुख्यतः कोकण किनारा, घाटमाथा आणि देशावरचे रस्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

घरातल्या कुत्र्याला वाटेची सवय असते. गाडीतल्या कुत्र्याला रोज नवी जमीन, नवे वास आणि नवी गावकुत्री. त्यामुळे किती किलोमीटर चालला हा हिशेब इथे फारसा कामाचा नाही. पाच मीटरच्या लांब दोरीवर, पाठीवर कडी असलेला हार्नेस घालून वीस मिनिटं त्याच्या नाकाच्या मागे मागे फिरलात, तर घाईघाईत तीन किलोमीटर ओढत नेण्यापेक्षा तो जास्त शांत होतो. प्रौढ, तब्येतीने धड कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ ३०-४५ मिनिटं, त्यातला निम्मा वेळ हुंगण्याचा. प्रवासाच्या दिवशी दर दोन-अडीच तासांनी १५ मिनिटांचा थांबा. लांब दोरी गळपट्ट्याला कधीही बांधू नका. कुत्रं पळत सुटून दोरी संपली की सगळा झटका मानेवर येतो. आपोआप गुंडाळली जाणारी दोरीही नको, गावकुत्री अंगावर आली की तिला हातात धरून आखूड करता येत नाही आणि बोटं कापतात.

गाडीचा दरवाजा उंच असेल तर उडी मारू देऊ नका. दिवसातून दहा-बारा उड्या म्हणजे खांद्यावर आणि मनगटावर सतत मार. ६० सेंटिमीटर उंचीला निदान पावणेदोन मीटर लांबीची फळी लागते. त्याहून आखूड असेल तर चढ इतका तीव्र होतो की कुत्रं मधूनच उडी टाकतं. फळीवर काथ्याची चटई ठोकली की नखांना पकड मिळते.

बाकी भर तुम्ही घाला.

दर्यावर्दी

किनाऱ्यावरचं मी लिहिते.

फिरवायची जागा म्हणजे ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट पुळण. वरची कोरडी मऊ वाळू कुत्र्याला दमवते हे खरं, पण पाय रुतत धावल्याने मनगट आणि खांद्याचे स्नायू दुखावतात, वजनदार लॅब्रेडॉरचे तर हमखास. म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधी काढायची. आपल्याकडचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे भरतीच्या तक्त्याशी एकदा पडताळून घ्या.

कुत्रेवाल्यांसाठी याचा अर्थ असा: अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणजे गारव्यात भरपूर रुंद किनारा मिळतो. षष्ठी ते दशमी मात्र सकाळी पाणी वर असतं आणि पुळण उघडी पडते ती ऐन दुपारी. त्या चार-पाच दिवसांत किनारा सोडून आतल्या पाखाड्यांनी, माडांच्या सावलीतून फिरवा. उधाणाच्या दिवसांत पाणी गाडीच्या चाकांपर्यंत येऊ शकतं, तेव्हा मुक्काम वर.

गुहागरला किनारा उताराचा आणि लाटा जोरदार, तिथे दोरी सोडून पाण्यात घालू नका. कर्द्याची पुळण सपाट आहे. खाडीच्या तोंडाशी रेंद्यात, म्हणजे मऊ गाळात, कुत्रं पोटापर्यंत रुततं, शिवाय तिथे पाण्याला ओढ असते. खडकाळ टोकांना कातळावर चिकटलेली कालवं पंजा ब्लेडसारखा कापतात, आणि तो काप खाऱ्या पाण्यात दिसतच नाही. गाडीशी आल्यावर कुत्रं लंगडलं तरच कळतं.

वेळास, आंजर्ले, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. नोव्हेंबरपासून पिल्लं समुद्रात जाईपर्यंत, म्हणजे अगदी मेपर्यंत, दोरी हातातच हवी. कुत्र्याला वाळूतलं घरटं वासाने सापडतं आणि दोन मिनिटांत उकरून होतं. हे मला फार मनाला लागतं, कारण ती घरटी राखायला गावातली पोरं रात्र रात्र जागतात.

मेलेला केंड मासा किनाऱ्यावर पडलेला असतो, फुगीर आणि काटेरी. कुत्र्याने तोंडात घेतला तर विष अंगात जातं, त्यावर उतारा नाही. तोंड तात्काळ धुवा आणि गाडी दवाखान्याकडे वळवा. गळ आणि नायलॉनच्या दोऱ्याचंही तेच. गळ गिळला आणि दोरा तोंडाबाहेर लोंबत असेल तर ओढू नका.

निळा_टेम्पो

तिथीच्या हिशेबाला +१. एक भर: समुद्राचं पाणी प्यायल्याने उलट्या-जुलाब होतात. किनाऱ्यावर जाताना गोडं पाणी सोबत, दर १०-१५ मिनिटांनी पुढे करायचं. चेंडू पाण्यात फेकायचा खेळ दहा मिनिटांत संपवा. प्रत्येक वेळी तोंड उघडून चेंडू पकडताना पाणी पोटात जातं. तळ्याच्या गोड्या पाण्यातसुद्धा हे जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरून कुत्रं झिंगल्यासारखं वागतं.

खूरपंजा

पशुवैद्यकाच्या चष्म्यातून थोडं.

उन्हाचं आधी. हवेत ३०-३२ अंश असताना उन्हातलं डांबर सहज ५५ च्या वर जातं. तळहाताची मागची बाजू जमिनीवर ७ सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर पंजाही ठेवायचा नाही. कोकणातल्या सड्यावरचा जांभा डांबराइतकाच तापतो, वर खरखरीत, त्यामुळे पंजाच्या गाद्या सोलवटतात. मार्च ते मे सकाळी साडेसातच्या आत आणि संध्याकाळी साडेसहानंतर. डांबर सूर्य मावळल्यावरही तासभर गरम राहतं, म्हणून संध्याकाळी मातीची पाणंद शोधा.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ ला उष्माघात. चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, काहीही हाक मारली तरी न बघणं. अशा वेळी आधी गार करा, मग दवाखाना. सावलीत घेऊन मिळेल ते पाणी सगळ्या अंगावर सतत ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते. थर्मामीटर ३९.५ वर आला की पाणी थांबवा, नाहीतर तापमान खाली घसरत जातं. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात व्यायाम गाडीच्या आतच.

बंद गाडीत 'दहा मिनिटांत येतो' हे नाहीच. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं आणि काच चार बोटं खाली ठेवल्याने फरक पडत नाही.

पोहण्याबद्दल एक गोष्ट सहसा माहीत नसते. सवय नसलेलं कुत्रं खूप वेळ पोहलं, विशेषतः गार पाण्यात, तर दुसऱ्या दिवशी शेपटी मुळाशी दोन-चार इंच ताठ आणि पुढे निर्जीव लोंबती दिसते. मोडलेली नसते, स्नायू आखडलेला असतो. चार-पाच दिवस विश्रांतीत बरी होते. वेदनाशामक लागलं तर डॉक्टरांना विचारून. माणसांचं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका.

घाटमाथा

घाटमाथ्याला पाऊस संपल्यानंतरचे तीन महिने सगळ्यात देखणे आणि सगळ्यात त्रासाचे. कारण कुसळं. गवत वाळलं की कुसळ एकाच दिशेने सरकत जातं, मागे येत नाही. बोटांच्या मधून कातडीत शिरतं, कानात शिरतं, नाकात शिरतं. फिरून आल्यावर प्रत्येक बोटाची बेचकी उघडून, कान उलटे करून, बगल आणि जांघ बघितल्याशिवाय कुत्र्याला गाडीत घ्यायचं नाही. सारखं डोकं झटकणं म्हणजे कानात, एकामागोमाग शिंका म्हणजे नाकात, पंजा चाटत बसणं म्हणजे बोटांत. कानात गेलेलं स्वतः काढायला जाऊ नका, ते पडद्याकडे ढकललं जातं. केसाळ कुत्र्यांच्या पंजांमधले केस सप्टेंबरमध्येच गादीच्या पातळीला कापून ठेवा, निम्मा त्रास वाचतो.

गोखरूचे काटे देशावरच्या रस्त्याकडेला. चिमटा खिशात असू द्या. खाजकुइलीच्या शेंगांना अंग लागलं तर आधी पाणी ओतू नका आणि चोळूही नका. चिकटपट्टी दाबून लव उचला, मग धुवा. आणि हातमोजे घाला, नाहीतर तुम्हीही खाजवत बसाल.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर पट्ट्यात उसाच्या कडेला अंधार पडल्यावर कुत्रं फिरवू नका आणि गाडीबाहेर बांधूनही ठेवू नका. बिबट्यासाठी कुत्रं हे नेहमीचं भक्ष्य आहे. रात्रीची शी-शू गाडीच्या दाराशी, टॉर्च लावून, आखूड पट्ट्यावर. अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत कुत्रं न्यायचंच नाही, गाडीत ठेवूनसुद्धा नाही.

सड्यावरची

गावकुत्र्यांचं काय करता? तारकर्लीजवळ मुक्काम आहे. एसटी थांब्यापासून पुढे गेलं की सहा-सात जण एकदम येतात. माझी देशी कुत्री आहे, १८ किलो, घाबरत नाही पण भांडते.

चाकावरचं_घर

@सड्यावरची ताई, मुक्कामाची जागाच थोडी बदलून बघा. एसटी थांबा, मासळी उतरवायची जागा, कचऱ्याचा ढीग, खानावळीची मागची बाजू ही त्यांची राखलेली ठिकाणं. तिथून तीन-चारशे मीटर दूर गेलात तर टोळी मागे फिरते. सोबत मोठी दांड्याची छत्री ठेवा. ती आली की तुमच्या कुत्रीच्या आणि त्यांच्या मध्ये छत्री एकदम उघडायची आणि तशीच आडवी धरून सावकाश मागे सरायचं. पळायचं नाही, दगड उचलायचा नाही. दगडाने त्या दिवशी पळतात, पण दुसऱ्या दिवशी तुमच्या गाडीचा वास आला की लांबूनच भुंकत येतात. जास्त दिवस राहणार असाल तर, कडक उन्हाळा सोडून, सकाळी ती पेंगलेली असताना, साधारण नऊच्या पुढे, सावलीच्या वाटेने निघा. पहाटे ती सगळ्यात जागी असतात.

बाहेर जाणं जमलंच नाही त्या दिवशी गाडीतच दमवा. जुना टॉवेल पसरून त्यावर रोजच्या खाण्यातली मूठभर गोळी टाका, घट्ट गुंडाळा, एक गाठ मारा. १८ किलोच्या कुत्रीला १५ मिनिटं पुरतं. मग गाठी वाढवा.

निळा_टेम्पो

आता आंघोळ. सुरुवात पाण्याच्या हिशेबापासून, कारण टाकी तेवढीच असते.

२० किलोच्या कुत्र्याला प्यायला दिवसाला १ ते १.२ लिटर, उन्हाळ्यात दुप्पट धरा. बादली-मगाने आंघोळ घातली तर १५ लिटर जातात. फवारणी पंपाने ६-७ लिटरमध्ये नीट होते. कृषी सेवा केंद्रात ५ किंवा ८ लिटरचा हातपंप मिळतो. नवाच घ्या. वापरलेला, कितीही धुतलेला असला तरी नको, कीटकनाशक नळीच्या रबरात मुरलेलं असतं. बारीक तुषाराचं नोझल काढून झारीसारखं बसवा. धुकं उडवणारं नोझल केसांच्या वरच फिरतं, कातडीपर्यंत पोचत नाही.

माझा क्रम:

आधी कोरड्या अंगावर ब्रश. गुंता ओला झाला की आवळतो आणि मग कात्रीशिवाय निघत नाही. पायाखाली गोणपाट, कारण पाय घसरायला लागला की कुत्रं आंघोळीला कायमचं घाबरतं. पाणी कोमट, मनगटावर ना गरम ना गार. मानेपासून मागे भिजवायचं, डोकं सगळ्यात शेवटी. शाम्पू थेट अंगावर ओतायचा नाही: २५ मिली शाम्पू, २५० मिली पाणी, बाटलीत हलवून पाठीवर, पोटाला, बगलेत. असा पातळ केला की पसरतो चांगला आणि धुवायला निम्मं पाणी लागतं. निम्म्याहून जास्त पाणी फेस धुण्यासाठी राखून ठेवा. फेस राहिला की खाज आलीच. माणसांचा शाम्पू नको, आपली कातडी आम्लधर्मी आणि कुत्र्याची जवळजवळ उदासीन, त्यामुळे ती कोरडी पडते.

किनाऱ्यावरून आल्यावर मात्र शाम्पूची गरजच नाही. ३ लिटर गोडं पाणी पोट, बगल, जांघ, पंजे आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली. हार्नेससुद्धा धुवा. मिठाने ताठ झालेला पट्टा बगलेत सोलतो.

पाणंद

टपावर काळा रंग दिलेला पीव्हीसी पाइप बसवून उन्हात पाणी तापवतात, त्याला टायरच्या हवेने दाब देता येईल का? शॉवरसारखं जोरात येईल.

निळा_टेम्पो

नको. ११० मिमी पाइपात मीटरला साधारण साडेआठ लिटर मावतं, म्हणजे दीड मीटरमध्ये पावणेतेरा. उतारावरून आपसूक येणारं पाणी कुत्र्याला पुरतं. सांडपाण्याचा पाइप दाबासाठी बनलेलाच नाही आणि पीव्हीसी दाबलेल्या हवेने फुटला की तुकडे उडतात, तेही उन्हात तापून ठिसूळ झालेल्या पाइपाचे. जोर हवाच असेल तर १२ व्होल्टचा बादलीत सोडायचा छोटा पंप घ्या. एप्रिलमध्ये त्या पाइपातलं पाणी भाजण्याइतकं तापतं, बादलीत काढून गार पाणी मिसळल्याशिवाय अंगावर घेऊ नका. टपावरचं १३ किलो वजन आणि पट्ट्या-क्लॅम्प कॅरिअरच्या मर्यादेत मोजा.

घाटमाथा

वॉशिंग सेंटरवाल्याला विचारलं तर बहुतेक ठिकाणी दहा मिनिटं पाणी देतात, पैसे द्या. पण गाडी धुण्याची गन कुत्र्यावर कधीच नाही. साधी नळी मागा. तिथला गाडीचा शाम्पूही नाही.

विहीर, पाणवठा, देवळाची पुष्करणी इथे कुत्रं उतरवू नका. नदीकाठीही पाणी भरून ६०-७० मीटर वर आणून तिथे धुवा, म्हणजे फेस मातीत मुरेल. गावाने पाणी दिलं तर त्याचा मान राखायला हवा, नाहीतर पुढच्या गाडीला तो नळ बंद होतो.

दर्यावर्दी

धुण्याइतकंच वाळवण्याबद्दल लिहायला हवं. कोकणात ऑगस्टमध्ये लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन यांचं आतलं दाट अस्तर दोन दिवस ओलं राहतं. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं, केस उलटे विस्कटून बोट कातडीपर्यंत नेलं की ओल कळते. त्यातूनच लाल, चिकट, वास मारणारे चट्टे येतात, रात्रीतून तळहाताएवढे होतात. पावसाळ्यात अशा कुत्र्याला पूर्ण आंघोळ महिन्यातून एकदाच, तीही उघाडीच्या दिवशी सकाळी. बाकी दिवस पाय आणि पोट.

मायक्रोफायबरचे दोन टॉवेल. पहिल्याने दाबून पाणी शोषायचं, घासायचं नाही. तो पिळून पुन्हा तेच, मग दुसरा कोरडा. केस वाळवायचा ड्रायर गाडीच्या बॅटरीवर चालवायचा विचार सोडा: १२०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर १०० अँपिअर, शिवाय इन्व्हर्टरमधली घट. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी अर्ध्या तासात निम्म्याखाली येते. १२ व्होल्टचा पंखा २०-२५ वॅटमध्ये चालतो. त्याच्यासमोर दीड तास, दोन्ही कुशी आलटून पालटून, खाली जाळीची चटई.

खूरपंजा

दर्यावर्दी यांनी लिहिलेलं अगदी बरोबर. कानही तसेच. आंघोळीआधी कानात कापसाचा मोठा बोळा, नंतर आठवणीने काढायचा. धुऊन झाल्यावर कानाचा दिसणारा भाग कोरड्या कापडाने पुसायचा. काडी आत घालायची नाही.

औषधी शाम्पू, म्हणजे क्लोरहेक्सिडिनचा वगैरे, अंगावर १० मिनिटं राहिला तरच उपयोग. घड्याळ लावा, तेवढ्या वेळात चाटायला दही लावलेली ताटली पुढे ठेवा. फिनेल, घरातली जंतुनाशकं आणि टी ट्री तेल अंगावर लावू नका.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात, भाताच्या खाचरात खेळू देऊ नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा जंतू) उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि कोकणात तो माणसांनाही होतो. वर्षाची लस झाली असेल तरी हातमोजे घालून पंजे धुवा. उन्हाळ्यात आटत चाललेल्या तळ्यावर हिरवा रंगासारखा तवंग दिसला तर तिथे पिणं-पोहणं दोन्ही बंद. अंग चाटूनही विषबाधा होते, आणि ती तासाभरात जीव घेऊ शकते.

पाणंद

सोलापूरकडे बोअरच्या पाण्यात फेसच होत नाही, केस राठ होतात.

निळा_टेम्पो

पाणी जड आहे. शाम्पू वाढवू नका, तोच क्षार धरून केसांवर बसतो. शेवटचे दोन लिटर पिण्याच्या कॅनमधले वापरा. तेही नसेल तर लिटरला एक चमचा पांढरं व्हिनेगर, जखम आणि डोळे टाळून.

सड्यावरची

छत्रीचा उपाय लागू पडला, धन्यवाद. एक शेवटचं. गोचिडाचं मानेवर टाकायचं औषध आणलंय, फिप्रोनिलचं. रोज समुद्र असतो, आज आंघोळही घालायची आहे. कधी टाकू?

खूरपंजा

आज मंगळवार, आज आंघोळ. ते औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं आणि शाम्पूने ते तेल निघून गेलेलं असतं, म्हणून ४८ तास थांबा. गुरुवारी संध्याकाळी दोन खांद्यांच्या मध्ये, केस बाजूला करून थेट कातडीवर टाका. शनिवार संध्याकाळपर्यंत समुद्र, पाऊस, ओला टॉवेल काही नाही. रोज पाण्यात जाणाऱ्या कुत्रीला खरं तर तोंडाने द्यायची गोळी बरी. फ्लुरालानरची १२ आठवडे चालते, अफोक्सोलानरची महिनाभर. मात्र तिला कधी फीट आली असेल तर या गोळ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नकोत.

औषध चालू असलं तरी रोज रात्री बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, गळपट्ट्याखाली आणि शेपटीखाली हात फिरवा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, काडी काही नको. दोन-तीन आठवड्यांत ताप, अन्नावरून मन उडणं, पांढऱ्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर पुढच्या मुक्कामाची वाट न बघता जवळच्या तालुक्याच्या गावी रक्त तपासून घ्या, आणि डॉक्टरांना कुठकुठल्या भागातून आलात तेही सांगा.